राउंड हिलचं घर आणि यूएसडीएचं ग्रामीण गृहकर्ज: नकाशा हिरवा कंदील देतो, त्यानंतर काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही व्हर्जिनियात, लाउडन काउंटीत ॲशबर्नला भाड्याने राहतो. नवरा सिटिझन, माझं ग्रीन कार्ड. दोन मुलं, एक चार वर्षांचं आणि एक नऊ वर्षांचं. सासू-सासरे गेल्या वर्षी ग्रीन कार्डवर कायमचे आमच्याकडे आले. सासऱ्यांना महाराष्ट्र शासनाचं पेन्शन आहे. राउंड हिलच्या बाहेर सव्वातीन एकरांवरचं एक जुनं घर पाहिलंय, चार बेडरूम, किंमत ४,७५,००० डॉलर. जाहिरातीत 'यूएसडीए पात्र' असं लिहिलंय. आमच्याकडे शिल्लक चाळीस हजारांच्या आसपास. दोघांचा मिळून पगार १,४४,००० आणि पाळणाघराला वर्षाला अठरा हजार जातात. डाउन पेमेंटशिवाय हे घर खरंच मिळू शकतं का? सासऱ्यांच्या पेन्शनमुळे आम्ही अपात्र ठरू का?"

मी उत्तर व्हर्जिनियात बरीच वर्षं गृहकर्जाचं काम करते आणि लाउडनच्या पश्चिम भागातल्या अशा फाइली सतत हातात असतात. तुमचं उत्पन्न या योजनेत बसतं, आणि पेन्शनची तुम्हाला वाटते तेवढी चिंता नाही. घराबद्दल मात्र जाहिरातीतल्या त्या दोन शब्दांवर विसंबू नका. ते घर पात्र आहे की नाही हे ठरवणारे कागद लीजबर्गच्या सरकारी कचेऱ्यांत आहेत आणि ते अजून तुम्ही पाहिलेले नाहीत.

आधी हे कर्ज नेमकं काय आहे ते सांगते. अमेरिकेच्या कृषी खात्याची, म्हणजे यूएसडीएची, ग्रामीण विकास शाखा १९४९च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम ५०२ खाली ही योजना चालवते. पैसे सरकार देत नाही. पैसे तुमची बँक किंवा मॉर्गेज कंपनी देते आणि कर्ज बुडालं तर मूळ कर्जाच्या ९० टक्क्यांपर्यंत नुकसानीची हमी सरकार घेते. म्हणूनच बँक घराच्या पूर्ण किमतीइतकं कर्ज द्यायला तयार होते. मुदत ३० वर्षं, व्याजदर कायमचा ठरलेला. हमीची किंमत म्हणून सुरुवातीला कर्जाच्या १ टक्का फी लागते, ती कर्जातच मिळवता येते. शिवाय दरवर्षी शिल्लक कर्जावर ०.३५ टक्के. एफएचएशी, म्हणजे केंद्र सरकारच्या गृहनिर्माण प्रशासनाच्या हमीच्या कर्जाशी, तुलना करा: तिथे किमान साडेतीन टक्के डाउन पेमेंट, सुरुवातीची फी १.७५ टक्के आणि तुमच्यासारख्या कर्जावर वर्षाला साधारण ०.५५ टक्के. तुमच्या घराला एफएचएने गेलात तर डाउन पेमेंटचेच १६,६०० डॉलर निघतील. चाळीस हजारांत क्लोजिंगचा, म्हणजे खरेदी पूर्ण करतानाचा, खर्च आणि जुन्या घराची पहिली दुरुस्ती भागवायची असेल, तर हा फरक लहान नाही.

याच कलमाखाली दुसरंही एक कर्ज आहे, ज्यात यूएसडीए स्वतः पैसे देतं आणि सवलत धरून व्याज १ टक्क्यापर्यंत उतरू शकतं. ते बरंच कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. तुमच्या कामाचं नाही. माहिती शोधताना मात्र दोन्हींचे नियम सरमिसळ होऊन समोर येतात. वाचताना 'गॅरंटीड' की 'डायरेक्ट' एवढं बघत चला.

आता पेन्शन. या योजनेत उत्पन्न दोनदा मोजलं जातं आणि दोन्ही वेळा माणसं वेगळी असतात. हे नीट कळलं नाही की सगळा गोंधळ सुरू होतो.

पहिली मोजणी मर्यादेसाठी. त्या घरात कायम राहणार असलेल्या प्रत्येक प्रौढाचं पुढच्या बारा महिन्यांचं उत्पन्न यात धरतात, मग त्याचं नाव कर्जावर असो वा नसो. त्यामुळे सासऱ्यांचं पेन्शन मोजलं जाणारच, ते ठाण्याच्या खात्यात जमा होतं की इथल्या, याने फरक पडत नाही. समजा महिन्याला पन्नास हजार रुपये असतील, तर वर्षाचे अंदाजे सात हजार डॉलर झाले. पण पेन्शनबरोबर सासू-सासरेही मोजले जातात हे तुमच्या लक्षात आलेलं नाही. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबातल्या माणसांवर ठरते: एक ते चार जणांना एक आकडा, पाच ते आठ जणांना त्याहून मोठा. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तक्त्यात देशभरातला किमान आकडा चार जणांपर्यंत १,१९,८५० आणि पाच ते आठ जणांना १,५८,२५० डॉलर आहे. वॉशिंग्टनच्या महानगर पट्ट्यात असल्यामुळे लाउडनची मर्यादा याच्याही वर आहे. म्हणजे सासू-सासरे आल्याने तुमचं उत्पन्न सात हजारांनी वाढलं, पण मर्यादा निदान अडतीस हजारांनी सरकली.

त्यातून वजावटी मिळतात. प्रत्येक मुलामागे ४८० डॉलर. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पाळणाघराचा जो खर्च तुम्ही नोकरी करावी म्हणून होतो, तो सगळा. तुमचं गणित असं: पगार १,४४,०००, अधिक पेन्शन ७,०००, वजा मुलांचे ९६०, वजा पाळणाघराचे १८,०००. उरले १,३२,०४०. देशाच्या किमान आकड्याच्याही आत आहात. पाळणाघराच्या पावत्या आणि पेन्शनचा आदेश मात्र आधीच काढून ठेवा. पेन्शनचा आदेश मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि रुपयांचे डॉलर कोणत्या दराने केले तेही फाइलमध्ये दिसावं लागतं. ज्येष्ठ नागरिकांची ४०० डॉलरची वजावट तुम्हाला मिळणार नाही, कारण ती कर्जदार स्वतः ६२ वर्षांचा किंवा त्याहून मोठा (किंवा दिव्यांग) असेल तरच मिळते.

ज्यांचे आई-वडील सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येऊन परत जातात, त्यांनी ही युक्ती आपल्यालाही लागू आहे असं समजू नये. कायमचं घर इथे असेल त्यांनाच कुटुंबात धरतात, पाहुण्यांना नाही.

दुसरी मोजणी हप्ता फेडण्याच्या ताकदीची. इथे फक्त कर्जावर सही करणाऱ्यांचं उत्पन्न चालतं. तेच पेन्शन, जे मर्यादेत तुमच्या विरुद्ध मोजलं गेलं, ते इथे तुमच्या बाजूने मोजलं जाणार नाही. नेहमीचा दंडक असा की घराचा सगळा मासिक खर्च उत्पन्नाच्या २९ टक्क्यांत आणि सगळी देणी मिळून ४१ टक्क्यांत बसावीत. साडेसहा टक्के व्याज धरून पाहू. फी मिळवून कर्ज सुमारे ४,७९,८००. मुद्दल-व्याजाचा हप्ता ३,०३२, वार्षिक फीचा महिन्याचा वाटा १४०, काउंटीचा कर सव्वातीनशेच्या घरात, विमा १३०. बेरीज साधारण ३,६२५. तुमचं महिन्याचं उत्पन्न १२,०००, म्हणजे ३० टक्क्यांच्या किंचित वर. क्रेडिट चांगलं असेल तर यूएसडीएची संगणक प्रणाली एवढं सहज मान्य करते. ६४० किंवा त्याहून वरच्या स्कोअरला ही वाट सोपी जाते. गाड्यांचे हप्ते मिळून आठ-नऊशेच्या आत असतील तर ४१ टक्क्यांचाही अडसर नाही. यापुढे मात्र घराची किंमत फार ताणू नका. लाउडनमध्ये खरी अडचण इथेच येते. पश्चिमेकडची बरीचशी घरं सात-आठ लाखांच्या पलीकडे गेली आहेत, आणि ती परवडतील इतकं उत्पन्न असलेली कुटुंबं मर्यादेबाहेर जातात. पावणेपाच लाखांचं चार बेडरूमचं घर इथे दुर्मिळ आहे, आणि ते इतकं स्वस्त का आहे हे विचारायला हवं. त्याकडे येतेच.

तुमची शिल्लक अडचण नाही. घराच्या किमतीच्या २० टक्के मोकळे पैसे हाताशी असतील आणि साधं कर्ज सहज मिळत असेल, तर ही योजना तुमच्यासाठी नाही असं मानतात. तुमचे २० टक्के होतात ९५,०००, तुम्ही त्यापासून दूर आहात. पुण्या-ठाण्यात फ्लॅट असेल तर तो अर्जात लिहा. त्याचं भाडं उत्पन्नात येतं आणि त्याचा हप्ता देण्यांत. लपवायचं कारण नाही, आणि लपवलेला फ्लॅट करपत्रकातून बाहेर येतोच.

हे वाचणाऱ्या एच-१बीवाल्यांसाठी एक वाक्य: ही योजना अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डसारखा पात्र दर्जा असलेल्या परदेशी नागरिकांसाठी आहे. फक्त एच-१बीवर असलेल्या अर्जदाराला ती मिळत नाही.

आता घर. 'ग्रामीण' म्हणजे काय हे कायद्यात लोकसंख्येवरून आणि आसपासच्या वस्तीवरून ठरतं. महानगर पट्ट्यातल्या गावाची लोकसंख्या साधारण दहा हजारांच्या आत हवी, गावाचं रूप ग्रामीण हवं आणि ते शहराला चिकटलेलं नको. पूर्वीपासून ग्रामीण गणल्या गेलेल्या काही गावांना ३५,००० पर्यंत सवलत आहे. २०२०च्या जनगणनेत लीजबर्ग ४८ हजारांवर होतं, पर्सेलव्हिल नऊ हजारांच्या जरा आत, आणि राउंड हिल गाव म्हणून पाहिलं तर हजारसुद्धा नाही. म्हणून काउंटीची पूर्व बाजू, ॲशबर्न-स्टर्लिंगची डेटा सेंटरं आणि टाउनहाउसं, अपात्र, आणि रूट ७ने पश्चिमेला ब्लू रिज डोंगरांच्या दिशेने निघालात की पात्र भाग सुरू होतो.

पण सीमा कुठे आहे हे पत्त्यातल्या गावाच्या नावावरून कळत नाही. पत्त्यातलं नाव पोस्टाचं असतं, पालिकेचं नाही. आल्डी नाव ऐकलं की जुनी गिरणी आणि दगडी कुंपणं डोळ्यांपुढे येतात, पण स्टोन रिजची दाटीवाटीची वसाहतही पत्त्यात आल्डीच लिहिते. उलट लकेट्सच्या शेतांमधल्या घराचा पत्ता लीजबर्ग असतो. यूएसडीएच्या पात्रता संकेतस्थळावर 'सिंगल फॅमिली हाउसिंग गॅरंटीड' निवडून पूर्ण पत्ता टाका आणि नकाशा इतका मोठा करा की घराचं छप्पर दिसेल. रंगवलेला भाग अपात्र. सीमा अनेकदा एखाद्या रस्त्यावरून जाते, एका बाजूचं घर चालतं आणि समोरचं चालत नाही. लांब खासगी वाट असलेल्या घरांत नकाशाची खूण कधीकधी घराऐवजी पत्रपेटीपाशी पडते, तेव्हा घर नेमकं जिथे आहे ती जागा नकाशावर पुन्हा पाहा. त्या दिवसाच्या तारखेसह पान जपून ठेवा. हे नकाशे वेळोवेळी बदलतात, आणि जाहिरातीतला 'यूएसडीए'चा चौकोन रिअल्टरने, म्हणजे घरविक्रीच्या एजंटने, मागच्या विक्रीच्या वेळचा तसाच ठेवलेला असू शकतो.

राउंड हिलच्या बाहेरचं घर नकाशावर बहुधा अडणार नाही. ते अडेल तर पुढच्या गोष्टींवर, आणि मला तुम्हाला खरं सांगायचंय ते हेच.

पहिला कागद सेप्टिकचा. तिकडे काउंटीची सांडपाण्याची नळी नाही. प्रत्येक घराची टाकी आणि निचऱ्याचं शेत, म्हणजे टाकीतलं पाणी जिरवणारा जमिनीचा तुकडा, वेगळं, आणि त्याचा परवाना किती बेडरूमसाठी आहे हे त्यावर लिहिलेलं असतं. जाहिरातीत चार बेडरूम, परवान्यात तीन, ही पश्चिम लाउडनमधली अगदी नेहमीची गोष्ट. कुणीतरी तळघरात खिडकी पाडून चौथी खोली केलेली असते. कायद्याने ते तीन बेडरूमचं घर. किंमत ठरवणारा अप्रेझर त्याला तीनचंच धरतो, मूल्य खाली येतं, आणि कर्ज मूल्याइतकंच मिळतं, वरचा फरक तुमच्या खिशातून. तुम्ही सहा जण राहणार आहात, त्यामुळे हा केवळ कागदाचा प्रश्न नाही. तीन बेडरूमच्या निचऱ्यावर सहा माणसांची आंघोळ-धुणी वर्षानुवर्षं पडली तर शेत भरून येतं, आणि नवीन शेतासाठी त्या जमिनीत पाणी जिरतं की नाही हे आधी कुणीच सांगू शकत नाही. ऑफर देण्याआधी काउंटीच्या आरोग्य विभागाकडून त्या पत्त्याची सेप्टिकची फाइल मागवा. परवाना, बेडरूमची संख्या, राखीव निचरा-क्षेत्र आखलंय का आणि टाकी शेवटची कधी उपसली हे त्यात पाहा. टाकी साधी नसून पंप-फिल्टरवाली पर्यायी पद्धतीची असेल, तर व्हर्जिनियात दरवर्षी परवानाधारक माणसाकडून तिची तपासणी सक्तीची आहे. मागच्या वर्षांचे अहवाल विक्रेत्याकडे असायलाच हवेत.

दुसरं विहिरीचं पाणी, म्हणजे बोअरचं. पाण्याची प्रयोगशाळेतली तपासणी या कर्जाला लागते: जीवाणू, नायट्रेट, शिसं. सेप्टिकची टाकी विहिरीपासून निदान ५० फूट आणि निचऱ्याचं शेत साधारण १०० फूट दूर असावं असा मापदंड आहे. जुन्या घरात ही अंतरं कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक असतात. कर्जाला लागो न लागो, मी तर सांगते की पाणी किती वेळ सलग मिळतं याचीही चाचणी करून घ्या. या डोंगराळ भागात पाणी खडकाच्या भेगांमधून येतं. शेजाऱ्याला भरपूर आहे म्हणून तुम्हाला असेल असं नाही, आणि ऑगस्टमध्ये सहा माणसांचं घर कोरडं पडणं फार वाईट.

तिसरी गोष्ट वाट. लाउडनच्या पश्चिमेला खडीचे रस्ते खूप आहेत आणि खडीला यूएसडीएची हरकत नाही, बारमाही जाता-येता आलं की पुरे. अडतं ते मालकीवर. तुमच्या घराची वाट जर शेजाऱ्याच्या जमिनीतून जात असेल, तर त्या वापराचा कायमचा हक्क दस्तात नोंदलेला हवा. 'चाळीस वर्षं सगळे इथूनच जातात' याला अंडररायटर, म्हणजे बँकेत कर्जाची फाइल तपासणारा, किंमत देत नाही. लीजबर्गच्या सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडच्या जमीन-नोंदींत तो दस्त मिळतो, आणि टायटल कंपनीला (मालकीचे कागद तपासणारी कंपनी) पहिल्याच आठवड्यात शोधायला सांगता येतो. रस्त्याची देखभाल कोण करतो आणि बर्फ कोण काढतो याचा लेखी करार असेल तर उत्तम. नसेल तर शेजारी चांगले असतानाच करून घेणं बरं.

चौथी गोष्ट ते सव्वातीन एकर. एकरांना या योजनेत वरची मर्यादा नाही, पण जमीन राहत्या घराची असावी, धंद्याची नको. स्वतःपुरती भाजी, थोडी अंडी विकणं, घरातून लहानसा व्यवसाय, याला हरकत नाही. मागे मोठं कोठार, घोड्यांचे भाड्याचे तबेले, व्यापारी हरितगृह असं काही चालू असेल तर अडचण. विक्रेत्याच्या कराच्या पावतीत 'लँड यूज'ची, म्हणजे शेतीखालच्या जमिनीची, करसवलत दिसते का ते बघा. शेतीच्या या सवलतीला सहसा किमान पाच एकर लागतात, त्यामुळे सव्वातीन एकरांवर ती बहुधा नसेल, पण खात्री करून घ्या. ते दिसलं की अंडररायटर विचारणार: ही शेती आहे का, भाडं येतं का? शिवाय वापर बदलून सवलत संपली, तर मागच्या पाच वर्षांचा वाचवलेला कर व्याजासह भरावा लागतो, आणि तो कोण भरणार हे करारात लिहिलं नसेल तर तो तुमच्या गळ्यात पडू शकतो.

घराची अवस्थाही पाहिली जाते. छत, पाया, वायरिंग, हीटिंग, १९७८ पूर्वीच्या घरात सोलून निघालेला रंग. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं असतं आणि विक्रेत्याशी बोलून सुटतं. या कर्जात विक्रेता किमतीच्या ६ टक्क्यांपर्यंत तुमचा क्लोजिंगचा खर्च उचलू शकतो. घर बरेच दिवस पडून असेल तर हे जरूर मागा.

करारात मात्र हात आखडता घेऊ नका. सेप्टिक आणि विहिरीची तपासणी, घराची तपासणी, मूल्यांकन आणि कर्जमंजुरी, या चारही अटी लेखी ठेवा. गर्दीच्या बाजारात रिअल्टर म्हणेल की अटी सोडल्या तरच ऑफर टिकेल. शहरी टाउनहाउसला कुणी ती जोखीम घेत असेल तर घेऊ दे. विहीर, सेप्टिक आणि खासगी वाट असलेल्या घरावर, तेही पूर्ण किमतीचं कर्ज काढून, मी कुणालाही तसं करू देत नाही.

वेळेचा हिशेबही वेगळा आहे. बँकेने फाइल मंजूर केल्यावर ती यूएसडीएकडे हमीपत्रासाठी जाते आणि ते हातात आल्याशिवाय क्लोजिंग होत नाही. त्यामुळे तीस दिवसांऐवजी पंचेचाळीस दिवसांची मुदत मागा. १ ऑक्टोबरला केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष सुरू होतं आणि अंदाजपत्रक अडकलं की नवी हमीपत्रं थांबतात. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर सरकार बंद होतं, तेव्हा क्लोजिंगला आलेली कुटुंबं सामान बांधून वाट बघत बसली. तुमची तारीख सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये पडत असेल, तर मुदतवाढीची अट आधीच करारात घाला आणि व्याजदर किती दिवस बांधून मिळतो हे लोन ऑफिसरला विचारा.

या आठवड्यात दोन कामं करा. आरोग्य विभागाकडून सेप्टिकची फाइल मागवा, आणि रिअल्टरकरवी विक्रेत्याला विचारा की वाट कुणाच्या मालकीची आहे. परवान्यात बेडरूमच्या रकान्यात चार लिहिलेलं असेल आणि वाटेचा हक्क नोंदलेला असेल, तर बँकेकडे अर्ज करा. तीन लिहिलेलं असेल, तर त्याच कागदाच्या आधारे किंमत कमी करून मागा, किंवा तुम्हा सहा जणांना पुरेल असं दुसरं घर शोधा.